मिणमिणत्या वातीला ‘चमक’ म्हणू नका

इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडून फ्लिकर, ग्लिमर, ग्लीम, ग्लिंट, ट्विंकल, फ्लॅश हे शब्द एकामागून एक काढून पाहावेत. मोठ्या कोशांची गोष्ट वेगळी. परंतु आपल्या मुलांच्या दप्तरांत जे लहान कोश असतात त्यांत या साऱ्यांपुढे थोड्याफार फरकाने एकच शब्द हात जोडून उभा असतो : चमकणे. कोशकाराला जागेची अडचण असते, हे आम्ही समजू शकतो. मुलाचा समज मात्र असा होतो की, इंग्रजांपाशी चमकण्यासाठी सहा शब्द आहेत, सहाही सारखेच आहेत, आणि एकच शब्द पुन्हापुन्हा येऊ नये म्हणून त्यांची आलटूनपालटून योजना करावयाची असते. शिकवणीवर्गात त्याला नेमके हेच सांगितले जाते. समानार्थी शब्दांची यादी पाठ कर, निबंधात पेर, भाषा समृद्ध होईल. घरी आईवडीलही ही यादी म्हणून घेतात आणि मूल अडखळले नाही की समाधान पावतात.

आम्हांला हे समाधान मान्य नाही. या यादीने मुलाचे इंग्रजी बिघडते. आणि त्याहून वाईट म्हणजे तीच यादी उलट वाटेने मराठीत शिरून आपले मराठीही नासवते. क्षणभर दिसून नाहीशा होणाऱ्या प्रकाशाचे आणि तशाच अस्थिर भावनेचे हे शब्द आम्ही मुद्दाम निवडले आहेत. माणसाच्या मनात या क्षणी काय चालले आहे हे सांगण्याची वेळ येते तेव्हा हेच शब्द हाताशी लागतात, आणि तेथे झालेली चूक केवळ भाषेची चूक राहत नाही. एकाच्या मनातले दुसऱ्याला भलतेच कळते.

शब्दांनाही सोयरीक असते. आपल्याकडे दोन घराणी तोलामोलाची असूनही एकमेकांत मुली देत नाहीत. का, ते कोणी लिहून ठेवलेले नसते, पण गावात सर्वांना ठाऊक असते. इंग्रजी शब्दांचे असेच आहे. कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी नांदतो हे त्या भाषेच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने ठरते. अशा नेहमीच्या जोड्यांना इंग्रजीत कोलोकेशन म्हणतात. मराठी भाषाशास्त्राच्या पुस्तकांत सहप्रयोग, शब्दसाहचर्य असे शब्द भेटतात. आम्ही येथे सोयरीक म्हणू, कारण हा शब्द ऐकून घरातली आजीही कान टवकारते.

आता एकेका शब्दाचे घराणे पाहू.

फ्लिकर म्हणजे वाऱ्याने हेलकावणारी ज्योत. ती आहे, नाहीशी होते, पुन्हा येते. इंग्रजीत फ्लिकर नांदतो तो आशेशी, स्मिताशी, कुतूहलाशी, शंकेशी आणि ओळख पटण्याशी. ‘अ फ्लिकर ऑफ रेकग्निशन’ असे इंग्रज लिहितो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे असा चेहरा असतो, ज्यावर ओळखीची छटा येऊन गेली. पुरती ओळख पटली की नाही हे अजून ठरावयाचे आहे. याच शब्दाचा नकारही फार बोलका आहे. ‘विदाउट अ फ्लिकर ऑफ इमोशन’ म्हणजे शिक्षा ऐकतानाही ज्याच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही असा माणूस. येथे फ्लिकरऐवजी ग्लीम घालून पाहा, इंग्रज वाचक थबकेल.

ग्लिमर हा फ्लिकरचा भाऊ वाटतो, पण दोघांचे दुखणे वेगळे. फ्लिकर काळाने अस्थिर आहे, ग्लिमर बळाने क्षीण. रात्री समुद्रावर लांब एखाद्या होडीतला कंदील दिसावा, हलत नाही, विझत नाही, पण इतका दूर की तो कंदील आहे की डोळ्यांचा भास हे कळू नये, असा तो ग्लिमर. म्हणून त्याच्या मागे ‘फेंट’ हे विशेषण वारंवार येते. आशेशी त्याचा संबंध जुना आहे, आकलनाशीही आहे, रागाशी नाही. ‘ग्लिमर ऑफ अँगर’ हे कानाला खटकते, कारण राग दुरून मिणमिणत येत नसतो.

राग येतो तो फ्लॅश होऊन. विजेसारखा, पुरा, आणि त्याच क्षणी संपलेला. स्फूर्तीही तशीच येते, आणि एखादी गोष्ट अचानक उमगणेही. म्हणून ‘फ्लॅश ऑफ अँगर’, ‘फ्लॅश ऑफ इन्स्पिरेशन’, ‘फ्लॅश ऑफ इनसाइट’. तोच राग फ्लॅशवर थांबला नाही, त्याने पेट घेतला, तर इंग्रज फ्लेअर म्हणतो. ‘टेम्पर्स फ्लेअर्ड’ हे वाक्य भांडणाच्या बातमीत हमखास असते. आता ‘फ्लॅश ऑफ होप’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला विचारावे : अरे बाबा, आशा टिकते म्हणूनच तर तिला आशा म्हणतात, लखकन येऊन गेलेल्या वस्तूवर माणूस रात्र कशी काढणार? एखादा कवी मुद्दाम तसे लिहील आणि त्यातून काही साधेलही. पण कवीला नियम माहीत असतो. आपल्या विद्यार्थ्याला यादी तेवढी माहीत असते.

डोळ्यांची गंमत तर स्वतंत्र आहे. इंग्रजीत डोळ्यांत ट्विंकल असतो, ग्लीम असतो आणि ग्लिंटही असतो, आणि ही तीन वेगळी माणसे आहेत. ट्विंकल नातवाची खोडी पकडूनही न पकडल्यासारखे करणाऱ्या आजोबांच्या डोळ्यांत. ग्लीम ज्याच्या मनात काही बेत शिजला आहे, ज्याला विजय दिसू लागला आहे, त्याच्या डोळ्यांत. ग्लिंट हा मुळी पोलादाचा शब्द. पात्यावर ऊन पडून डोळ्यांत टोचावे तसा. तो डोळ्यांत आला की माणसात काहीतरी कठोर आहे असे समजावे. विनोदाचाही ग्लिंट असतो, पण तो धार असलेल्या विनोदाचा. धर्मग्रामातील एखाद्या वृद्ध, प्रेमळ धर्मगुरूंच्या गौरवपर लेखात त्यांच्या डोळ्यांतील ग्लिंटचे कौतुक करणाऱ्याने त्या सत्पुरुषाला नकळत खलनायकाचे डोळे दिलेले असतात. आणि शिकवणीवर्गाच्या यादीप्रमाणे हे तिन्ही शब्द समानार्थी आहेत!

ग्लो येथे येऊ नये, कारण तो अस्थिर नाही. निखाऱ्यासारखा स्थिर, उबदार. म्हणून अभिमानाचा आणि समाधानाचा ग्लो असतो. स्पार्क ही ठिणगी. तिचे महत्त्व तिच्या प्रकाशात नसून तिने पुढे काय पेटते यात आहे. शिमर पाण्यावर आणि तापलेल्या रस्त्यावर दिसतो, मनात सहसा शिरत नाही. या तिघांवर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, इंग्रजांनी हे सारे ठरवले कशावरून? बरेचसे त्या शब्दांच्या पूर्वायुष्यावरून. फ्लिकर हा शब्द जुन्या इंग्रजीत पाखरांच्या पंखांसाठी होता, फडफडणे या अर्थाचा. ज्योतीकडे तो नंतर आला. फ्लॅश हा आधी पाण्याचा शब्द. पाणी जोराने आदळून उसळावे तसा, आणि प्रकाशाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. म्हणूनच त्यात आजही एक तडाखा आहे. शब्दांच्या आवाजाचाही यात वाटा आहे. ग्लो, ग्लीम, ग्लिमर, ग्लिंट, ग्लिटर, ग्लिसन असे प्रकाशाचे कितीतरी इंग्रजी शब्द ‘ग्ल’ने सुरू होतात, आणि हलणाऱ्या, उसळणाऱ्या ज्वालेचे फ्लेम, फ्लेअर, फ्लॅश, फ्लिकर हे ‘फ्ल’ने. अशा अर्थवाही ध्वनिगटांना जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९३० साली ‘फोनेस्थीम’ असे नाव दिले. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. लुकलुक, झगमग, लखलख, चमचम, मिणमिण हे शब्द आपण आवाजावरूनच ओळखतो. लुकलुकतो तो तारा, झगमगतो तो मंडप, लखलखते ती वीज, मिणमिणतो तो तेल संपत आलेला दिवा. मंडप मिणमिणला म्हणालो तर यजमान रागावेल.

फ्लॅशच्या घराण्यातील एक वाक्प्रचार येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘फ्लॅश इन द पॅन’ याचा अर्थ क्षणभर गाजून फुकट गेलेले यश. यातील पॅन म्हणजे स्वयंपाकघरातील तवा, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. तो जुन्या चकमकीच्या बंदुकीचा भाग आहे. त्या खळग्यात रंजक, म्हणजे बार पेटवण्याची बारीक दारू, ठेवीत. कधीकधी रंजक भडकून झगझगाट होई, पण आतला बार उडतच नसे. आपल्या भाषेत हा माणूस आधीपासून बसलेला आहे, त्याचे नाव फुसका बार. ज्याला ही सोयरीक कळली त्याला दोन्ही भाषा कळल्या. ज्याने ‘तव्यातील चमक’ असे भाषांतर केले त्याला एकही कळली नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा : एवढी काटेकोरी कशाला? समोरच्याला अर्थ कळला म्हणजे झाले. आपण काय इंग्लंडात राहतो?

या आक्षेपाचे उत्तर आम्ही मराठीतूनच देतो. एखादा परदेशी पाहुणा मोठ्या कष्टाने मराठी शिकला आणि म्हणाला, ‘माझ्या मनात आशेची पाल चुकचुकली’. अर्थ कळला? कळला. आपण हसलो? हसलो. पाल आपल्याकडे शंकेचीच चुकचुकते. आशेची चुकचुकत नाही, आनंदाची तर नाहीच. पाहुण्याला हे कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळाले नसते. पाहुणा म्हणून आपण त्याला क्षमा करू. नोकरीच्या अर्जात, विद्यापीठाच्या प्रबंधात, परदेशातल्या रुग्णालयात सेवा करताना रोग्याच्या नोंदवहीत आपल्या मुलामुलींना अशी क्षमा मिळत नाही. त्यांचे इंग्रजी व्याकरणात निर्दोष असते, आणि तरी वाचणारा पहिल्या परिच्छेदातच ओळखतो की ही भाषा ओठांवरून आलेली नाही, यादीतून आलेली आहे.

बरे, ही अडचण नवी नाही आणि तिच्यावरचा उपायही नवा नाही. हॅरल्ड पामर हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवीत होते. जपानी विद्यार्थी शब्द पाठ करतात पण ते जोडताना अडखळतात, याचा विचार करून त्यांनी १९३३ साली टोकियोत इंग्रजी शब्दजोड्यांवर एक स्वतंत्र अहवालच प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी त्याच अनुभवातून विद्यार्थ्यांसाठी कोश रचला. तो १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डच्या छापखान्यातून जगभर गेला. आपल्याकडील अनेक घरांत त्याची पुढची आवृत्ती कपाटात असते, बहुधा न उघडलेली. वर उल्लेखिलेल्या फर्थ यांनी १९५१ साली कोलोकेशनला अर्थविचारात मानाचे पान दिले. १९८६ साली केवळ शब्दांच्या जोड्या देणारा बीबीआय कोश आला, २००२ साली ऑक्सफर्डने तसाच कोश काढला. म्हणजे परक्या विद्यार्थ्याला इंग्रजी शिकवताना शब्द सुटा देऊ नये, त्याच्या सोबत्यासह द्यावा, हे शिक्षकांना नव्वद वर्षांपूर्वीच कळलेले होते. आपल्या शिकवणीवर्गांना ते अजून कळावयाचे आहे.

आणि त्यांच्या हाती असते ते काय? थिसॉरस. पीटर मार्क रॉजे हे पेशाने डॉक्टर. त्यांचा प्रसिद्ध थिसॉरस १८५२ साली निघाला. ग्रंथ थोर आहे, याबद्दल वाद नाही. पण तो ज्याला इंग्रजी येते त्याच्यासाठी आहे. ज्याच्या मनात कल्पना तयार आहे आणि जिभेच्या टोकावरचा शब्द तेवढा आठवत नाही, त्याने तो उघडावा. ज्याला सहांपैकी एकही शब्द जवळून माहीत नाही त्याच्यापुढे सहा शब्द टाकणे म्हणजे औषधांच्या दुकानाचे दार उघडून रोग्याला म्हणणे, घे यातले कोणतेही, सर्व गोळ्या पांढऱ्याच आहेत.

येथवर इंग्रजीचे झाले. आमच्या मनाला अधिक लागते ते पुढचे.

ही यादी मुलाच्या डोक्यात उलटी बसते. सहा इंग्रजी शब्दांना एक मराठी शब्द, असे एकदा ठरले की मराठी गरीब आणि इंग्रजी श्रीमंत ही समजूत आपोआप पक्की होते. मग तोच मुलगा मोठा होऊन मराठीत लिहू लागला, एखाद्या इंग्रजी प्रवचनाचे वा लेखाचे भाषांतर करू लागला, की ‘आशेची चमक तिच्या चेहऱ्यावरून ओलांडून गेली’ अशी वाक्ये जन्माला येतात. अलीकडे मोबाइलवर भाषांतराची सोय झाल्यापासून या पिकाला बारमाही पाणी मिळाले आहे. आमचे वाचक अशी वाक्ये सोशिकपणे वाचतात. सोशिकपणा हा सद्‌गुण खरा. त्याचा इतका अंत पाहू नये.

मराठीत ‘चमक’ या शब्दाची स्वतःची सोयरीक आहे, तिच्याकडे कोणी पाहतच नाही. मुलात चमक आहे म्हणजे त्याच्या अंगी गुण आहे. पाठीत चमक भरली म्हणजे वैद्याकडे जावे लागणार. आणि माणूस चमकला म्हणजे तो दचकला. ‘हाक ऐकून ती चमकली’ या वाक्यात प्रकाशाचा कणही नाही. तेव्हा इंग्रजीतील आनंदाने उजळलेल्या माणसाला भाषांतरकार ‘चमकला’ म्हणतो तेव्हा मराठी वाचकाला तो घाबरलेला दिसतो. गोष्ट तेथेच उलटी होते.

क्षणिक भावनांसाठी मराठीने प्रकाशाकडे जावेच असे नाही, हेही लक्षात घ्यावे. शंकेसाठी आपण भिंतीवरच्या पालीला बोलावतो. रागाची तिडीक उठते. ती डोळ्यांना दिसत नाही, मस्तकात जाणवते. भीतीने पोटात धस्स होते, दुसऱ्याचे दुःख पाहून काळजात चर्र होते. हसू ओठांवर तरळते, जसे पाणी डोळ्यांत तरळते. गाणाऱ्याच्या गळ्यातली लकेर आपण हास्यालाही देतो. इंग्रजाला एखाद्या विषयात स्पार्क ऑफ इंटरेस्ट वाटतो, आपल्याला त्याची गोडी लागते. त्याला ठिणगी दिसली तेथे आपण गूळ चाखला. वादाची ठिणगी मात्र दोन्हीकडे पडते आणि संतापाचा भडका व इंग्रजांचा फ्लेअर एकाच चुलीतले आहेत. खरे पाहता या थोड्या जुळणाऱ्या जोड्यांनीच घात केला आहे. दोन ठिकाणी शब्दाला शब्द बसला की भाषांतरकाराला वाटते, सगळीकडे बसेल.

तर मग फ्लिकरला मराठी नाहीच काय? आहे, आणि तो पाहून आम्हांला मौज वाटली. विझू लागलेल्या ज्योतीला आपण काय म्हणतो? ज्योत फडफडली. पाखराचे पंख फडफडतात तोच शब्द! इंग्रजांनी जुन्या काळी पंखांवरून फ्लिकर ज्योतीकडे नेला, आपणही पंखांवरून फडफड ज्योतीकडे नेली. कोणी कोणाकडून घेतले नाही, दोघांनी एकच दिवा पाहिला. पण सावध राहावे. ज्योत फडफडली तरी मराठीत आशा फडफडत नाही. इंग्रजीत फ्लिकरने दिव्यापासून आशेपर्यंत मजल मारली, आपली फडफड दिव्यापाशीच थांबली. आशेसाठी मराठीने वेगळी तजवीज करून ठेवली आहे : पालवी, अंकुर, किरण, आणि सर्वांत नेमका शब्द, धुगधुगी.

धुगधुगी हा शब्द ज्याला ठाऊक आहे त्याने पुढचा प्रसंग पाहावा. अतिदक्षता विभागाच्या बाहेर एक कुटुंब बसले आहे. डॉक्टर घाईत आहेत, इंग्रजीत बोलतात. घरातला शिकलेला मुलगा ऐकतो आणि म्हाताऱ्या आईला मराठीत सांगतो. डॉक्टर म्हणाले, ‘अ फेंट ग्लिमर ऑफ होप’. फार तोलून वापरलेले शब्द आहेत ते. आशा आहे, पण क्षीण, दूर, तिच्यावर भार टाकू नका. मुलाच्या डोक्यात ग्लिमर म्हणजे चमक. तो सांगतो, आई, डॉक्टरांना आशेची चमक दिसते आहे. आईला चमक ऐकू येते. ती भावाला, बहिणीला, शेजारणीला कळवते की आता धोका टळला. पहाटे काय घडते त्याचा दोष डॉक्टरांवर येतो, कारण ‘त्यांनी तर चांगले सांगितले होते’. मुलगा एवढेच म्हणाला असता, ‘आई, अजून धुगधुगी आहे’, तर त्या माउलीने रोझरीची माळ हातात घेतली असती आणि मनाची तयारीही केली असती. धुगधुगी हा शब्द तिने आयुष्यभर ऐकलेला आहे. मुलालाच तो कोणी दिला नाही. त्याला शाळेत ताऱ्यावरचे इंग्रजी बालगीत तिसऱ्या वर्षी पाठ झाले, ट्विंकल ओठांवर बसला. तारा मराठीत लुकलुकतो हे त्याला सांगावयाचे घरातही राहून गेले.

इंग्रजी नको असे आम्ही म्हणत नाही, हे सांगावयास हवे, कारण असे लिहिणाऱ्यावर तो आळ लगेच येतो. इंग्रजी हवे, आणि आहे त्यापेक्षा चांगले हवे. परभाषा कशी शिकावी याचा धडा तर एका इंग्रजानेच आपल्याला घालून दिलेला आहे. विल्टशरमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली राचोल येथे त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या. त्यांत मराठी भाषेचा गौरव करताना त्यांनी तिला खड्यांमधल्या रत्नाच्या तेजाची उपमा दिली, आणि त्या तेजासाठी शब्द योजला तो ‘कीळ’ या मराठी घराण्यातला. रत्नाला कीळ असते, विजेला नसते, दिव्याला नसते. ही सोयरीक त्या विल्टशरच्या माणसाने कोठून उचलली? शब्दांच्या यादीतून खासच नाही. येथल्या संतांचे ग्रंथ ज्या भाषेत होते ती भाषा त्यांनी कान देऊन ऐकली असली पाहिजे.

भाषांतर करतानाही ही नजर शक्य आहे याचा पुरावा प्रत्येक घरातील बायबलमध्ये आहे. यशयाच्या ४२व्या अध्यायात सेवकाचे वर्णन आहे : वाकलेला बोरू न मोडणारा, विझू घातलेली वात न विझवणारा. हेच वचन संत मत्तयाने १२व्या अध्यायात घेतले आहे. जुन्या इंग्रजी बायबलांत, कॅथलिकांच्या डुएमध्ये आणि १६११च्या भाषांतरातही, दोन्ही ठिकाणी वातीच्या जागी ‘स्मोकिंग फ्लॅक्स’, म्हणजे धुमसणारा अळशीचा धागा आहे. विसाव्या शतकातल्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड आवृत्तीने मात्र यशयात ‘डिमली बर्निंग विक’ आणि मत्तयात ‘स्मोल्डरिंग विक’ असे वेगवेगळे शब्द ठेवले. कारण हिब्रूत वात मंद आहे आणि ग्रीकमध्ये ती धुमसते आहे. एका वातीच्या दोन अवस्थांसाठी त्या मंडळींनी दोन विशेषणे शोधली. आमच्या मराठी भाषांतरकारांनी ‘मिणमिणती वात’ असे लिहिले आणि त्या दोन शब्दांत दिवा, तेल, वारा, काळजी सगळे आले. शिकवणीवर्गाची यादी त्यांच्या हाती असती तर आपण आज उपासनेत ‘चमकती वात’ ऐकत बसलो असतो. आणि चमकती वात विझवू नका असे सांगण्याची कोणाला गरजच काय? (जाता जाता : वेदीवर ठेवण्यासाठी मुद्दाम थरथरणाऱ्या विजेच्या मेणबत्त्या हल्ली मिळतात. त्या ना फडफडतात, ना मिणमिणतात. त्यांच्यासाठी चमकणे हा शब्द आम्ही आनंदाने सोडून देतो.)

आमची मागणी फार खर्चाची नाही. शाळेत वा शिकवणीत समानार्थी शब्दांची यादी पाठ करून घेणाऱ्या शिक्षकांना पालकसभेत उभे राहून विचारावे की, यातला कोणता शब्द कोणाबरोबर जातो? उत्तर नसेल तर ती यादी घरी फाडून टाकावी. मुलाला एक साधी दोनशे पानी वही द्यावी. डाव्या पानावर इंग्रजी शब्द एकटा लिहावयाचा नाही, सोबत्यासह लिहावयाचा : आशेचा फ्लिकर, स्मिताचा फ्लिकर, शंकेचा फ्लिकर, ओळखीचा फ्लिकर. वाचताना भेटेल ती जोडी तेथे उतरवावी. उजव्या पानावर, आजीला विचारून, तेच मराठीत. आशेपुढे आजी धुगधुगी सांगेल, हसण्यापुढे तरळले म्हणेल, शंकेपुढे पाल आणेल, ओळखीपुढे थोडा विचार करून ‘ओळखीची खूण पटली’ म्हणेल. चार ओळींत चार निराळे शब्द येतील, आणि चमकणे हा शब्द बहुधा एकदाही येणार नाही.